विश्लेषण : दोन भाषांतील आज्ञावल्या एकत्र कशा चालतात? ग्रेस हॉपर यांचे योगदान काय?

हवामानाची गणिते करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोर्ट्रान आणि सी या दोन भाषांतील आज्ञावल्या एकत्र काम करतात. त्यांना जोडणाऱ्या प्रक्रियेला लिंकिंग म्हणतात. तिची सुरुवात अमेरिकी गणितज्ञ ग्रेस हॉपर यांच्या कामापर्यंत नेता येते.

हॉपर कोण होत्या?
न्यूयॉर्कमध्ये ९ डिसेंबर १९०६ रोजी त्यांचा जन्म झाला. येल विद्यापीठातून १९३४ मध्ये त्यांनी गणितात पीएच.डी. मिळवली; व्हासार महाविद्यालयात त्या आधीपासूनच शिकवत होत्या. दुसऱ्या महायुद्धात नौदलात जायचे, तर वजन निकषापेक्षा कमी भरले. विशेष सवलत मिळवून त्या राखीव दलात दाखल झाल्या. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्डच्या ‘मार्क १’ या संगणकावर झाली.

अडचण काय होती?
वारंवार लागणाऱ्या छोट्या आज्ञावल्या तेथे वहीत लिहून ठेवत आणि प्रत्येक नव्या कामासाठी हाताने उतरवून घेत. आज्ञावलीची जागा बदलली की आतील पत्त्यांचे आकडेही बदलावे लागत. माणसे उतरवताना आणि बेरजेत चुकत. एक आकडा चुकला की सारे उत्तर चुके.

उपाय कोणता?
१९४९ पासून युनिव्हॅक संगणकावर काम करताना हॉपर यांनी हे काम यंत्रावरच सोपवले. १९५२ पर्यंत ‘ए-०’ तयार झाली. छोट्या आज्ञावल्या चुंबकीय फितीवर ठेवून प्रत्येकीला क्रमांक दिला. क्रमांक सांगितला की यंत्र ती शोधी, पत्ते बदली आणि जोडून देई. त्यांनी तिला कंपायलर म्हटले. आजच्या परिभाषेत ती लिंकरच्या अधिक जवळची होती. संगणक केवळ आकडेमोड करतो, असे मानणाऱ्यांना ही कल्पना पटायला वेळ लागला.

मग भाषा कशा जुळतात?
आज प्रत्येक भाषेचा कंपायलर यंत्रभाषेतील फाइल बनवतो. तिच्यात स्वतःकडील आणि बाहेरून हव्या असलेल्या कार्यांच्या नावांची नोंद असते. लिंकर नावे जुळवून पत्ते भरतो. मूळ भाषा कोणती, हा प्रश्न तेथे उरत नाही. अट एकच : माहिती कोणत्या क्रमाने द्यायची आणि उत्तर कोठे ठेवायचे, याचा संकेत दोन्ही बाजूंनी पाळायला हवा. तो मोडला तर नाव जुळूनही उत्तर चुकते किंवा काम मध्येच बंद पडते.

पुढे काय झाले?
हॉपर यांच्या ‘फ्लो-मॅटिक’ भाषेचा मोठा प्रभाव १९५९ मध्ये आकाराला येऊ लागलेल्या कोबोलवर पडला. १९६६ मध्ये त्या निवृत्त झाल्या. पण नौदलाने पुढच्याच वर्षी त्यांना परत बोलावले. १९८६ मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. एकदा नीट लिहिलेली आज्ञावली पुन्हा लिहावी लागू नये, हा त्यांचा आग्रह मात्र प्रत्येक लिंकर आजही पाळतो.