ग्रेस हॉपर आणि यंत्रांतील पतंग

घरांतील संगणक अकस्मात् बंद पडला म्हणजे मुलें हवी ती कळ दाबीत सुटतात व मूळचा लहान दोष मोठा करून ठेवितात. अशा प्रसंगीं ग्रेस हॉपर ह्या विदुषीचें चरित्र स्मरावें, असें आम्हांस वाटतें.

ग्रेसबाईंचा जन्म १९०६ सालीं न्यूयॉर्क शहरीं झाला. सात वर्षांच्या असतां गजराचें घड्याळ कसें चालतें हें पाहण्यासाठीं त्यांनीं घरांतील सात घड्याळें एकामागून एक उकललीं. तेव्हां आईनें मोडतोड एकाच घड्याळापुरती ठेवावी, अशी मर्यादा घातली. १९३४ सालीं येल विद्यापीठांतून गणितांत डॉक्टरेट मिळवून महायुद्धाच्या काळांत त्या नौदलांत शिरल्या व हार्वर्ड येथील प्रचंड गणनयंत्रावर काम करूं लागल्या.

९ सप्टेंबर १९४७ रोजीं तेथील मार्क-२ यंत्रांत बिघाड झाला. शोध घेतां एका रिलेमध्यें अडकलेला पतंग सांपडला. तो नोंदवहींत चिकटविण्यांत आला. दोषास ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याची रीत त्यापूर्वींचीच होती. परंतु ही हकीकत ग्रेसबाईंनीं पुढें सर्वत्र सांगितली. १९५२ सालीं त्यांनीं कंपायलर रचिला, १९८६ सालीं रिअर ॲडमिरल पदावरून त्या निवृत्त झाल्या व १ जानेवारी १९९२ रोजीं निवर्तल्या.

बालमित्रहो, आधीं वीज व तारा पाहा. मग एका वेळीं एकच बदल करा आणि तो वहींत लिहा. आईनें घातलेली एका घड्याळाची मर्यादा आपणांसही हिताचीच आहे.