अर्ध्या तासाची विश्रांती

दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी कुस्तीचे जे क्रीडागृह उभे राहिले, त्याला खाशाबा जाधव यांचे नाव आहे. छप्पर, दिवे, गाद्या, सारे यथासांग. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १९२६ साली जन्मलेले खाशाबा मात्र तांबड्या मातीत घडले. गादीवरच्या कुस्तीशी त्यांची खरी ओळख १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येच झाली; तरीही ते सहावे आले.

हेलसिंकीच्या १९५२ च्या ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसा नव्हता. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हे धाडस केवढे, ते शिक्षकांना सांगायला नको.

तेथे जपानच्या इशीशी प्रदीर्घ झुंज देऊन खाशाबा हरले आणि लगेच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती, असा नियम होता. तो बजावून सांगण्यासाठी भारतीय पथकाचा एकही अधिकारी जागेवर नव्हता. पंचांना दोष देणे सोपे आहे. पण नियम असूनही त्याचा आधार मागणारे आपले माणूसच तेथे नसावे, याला काय म्हणावे? थकलेले खाशाबा हरले. हाती आले कांस्यपदक, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळायला १९९६ साल उजाडले.

मायदेशी परतल्यावर कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी प्राचार्यांचे पैसे फेडले. १९५५ मध्ये पोलीस खात्यात शिरले. दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई खेळांच्या मशालदौडीत त्यांना स्थान मिळाले. १९८४ मध्ये रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मरणोत्तर.