वनमहर्षी डीट्रिख ब्रँडिस

लॉर्ड डलहौसी म्हटले की आपल्याला संस्थाने खालसा करणारा गव्हर्नर जनरल आठवतो. रेल्वे, तार आणि पोस्टही आठवते. परंतु याच डलहौसीच्या कारकिर्दीत, 1856 साली, एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाची ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवानी जंगलांवर नेमणूक झाली, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकात सहसा येत नाही. त्या माणसाचे नाव डीट्रिख ब्रँडिस. कोणते झाड कोठे वाढते आणि का वाढते, या प्रश्नाचा त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. देवणीच्या उघड्या माळावर वाढलेल्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला हा प्रश्न अगदी घरचा वाटतो.

ब्रँडिस यांचा जन्म 1824 साली बॉन शहरात झाला. वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. ते काही काळ ग्रीसच्या राजाकडे असल्याने मुलाच्या बालपणाची काही वर्षे अथेन्समध्ये गेली. पुढे कोपनहेगन, गटिंगेन आणि बॉन येथे शिकून ब्रँडिस बॉन विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. सेरामपूरचे प्रसिद्ध मिशनरी जोशुआ मार्शमन यांच्या कन्येशी 1854 साली त्यांचा विवाह झाला आणि त्या नात्यातून त्यांची हिंदुस्थानची वाट मोकळी झाली.

पेगूच्या जंगलात किती साग उरला आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. व्यापारी वाटेल तसे तोडत होते. ब्रँडिस हत्तीवर बसून डोंगरांच्या धारेने फिरू लागले. पावसात कागद टिकत नसे, म्हणून त्यांनी हातात बांबूचे चार तुकडे धरले. सागाच्या जाडीचे चार वर्ग केले होते आणि प्रत्येक वर्गाचा एक तुकडा होता. झाड दिसले की त्या त्या तुकड्यावर चाकूने एक खाच पाडायची. अशा हिशेबावरून दरवर्षी किती झाडे तोडली असता जंगल शाबूत राहील, हे त्यांनी ठरविले.

1864 साली ते हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले. देशभर फिरताना त्यांच्या ध्यानात आले की जंगलाचा नकाशा हा बहुतांशी पावसाचा नकाशा आहे. 1870 नंतरच्या दशकात त्यांनी पर्जन्यमानावरून देशाचे विभाग पाडले. सह्याद्रीच्या पाठीमागे नाशिकपासून दक्षिणेकडे जाणारा पट्टा त्यांनी कोरड्या विभागात घातला.

याचा पडताळा महाराष्ट्रात सहज मिळतो. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे जांभूळ, अंजनी, हिरडा यांचे दाट रान आहे आणि ते बव्हंशी बारमाही हिरवे असते. घाट उतरून पूर्वेकडे आले की ढग रिते झालेले असतात. नगर-सोलापूरकडे बाभूळ, हिवर अशी काटेरी झाडे दिसतात. आणखी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडून येणारा पाऊस मिळू लागतो. लातूर जिल्ह्यात सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नांदेड जिल्ह्यातील किनवटला त्याहून अधिक. आणि किनवटला सागाचे जंगल आहे. केवळ एकूण पाऊस मोजून मात्र भागत नाही. कोरडे महिने किती, हेही पाहावे लागते. आपल्याकडे पावसाळा संपला की सात-आठ महिने कोरडे जातात. अशा वेळी साग, पळस, मोह ही झाडे पाने गाळून अंगातले पाणी राखतात. पानगळ ही त्यांची काटकसर होय.

आता देवणीचा विचार करू. आमच्याकडे सर्रास म्हणतात की मुलूखच कोरडा, येथे झाड कोठून येणार? परंतु ब्रँडिस यांची रीत लावून पाहिली तर हे उत्तर टिकत नाही. आठशे मिलिमीटर पावसावर सदाहरित रान होणार नाही हे खरे, पण पानगळीचे विरळ जंगल खुशाल उभे राहू शकते. देवळामागे, दर्ग्याजवळ, मसणवट्यात, म्हणजे जेथे कुऱ्हाड जात नाही तेथे, लिंब, वड, चिंच चांगली पोसलेली दिसतातच. पाऊस तोच, आभाळ तेच. कोणते झाड येईल हे हवामान ठरविते. ते राहील की नाही हे माणूस ठरवितो. लातूर जिल्हा आज राज्यातील अत्यल्प वनक्षेत्राच्या जिल्ह्यांत मोडतो, त्याचा सगळा दोष पावसावर टाकता येणार नाही.

ब्रँडिस यांना माणसाची ही बाजू कळत होती. सरपण आणि चराई यांसाठी गावाला स्वतःचे जंगल असावे, असे त्यांचे मत होते. 1878 च्या वन कायद्यात ग्रामवनांची तरतूद झाली खरी, पण जोर राखीव जंगलांवर राहिला आणि सरकारी मालकीचा आग्रह धरणाऱ्या बेडन-पॉवेल यांच्या बाजूची सरशी झाली. ग्रामवने बहुतेक कागदावरच राहिली. ब्रँडिस यांच्याच खात्याने रानातल्या लोकांचे हक्क आवळले, हे त्यांच्या चरित्रातले दुखरे ठिकाण आहे. देवणी तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो अंमल येथे नव्हता. तथापि गावाच्या जंगलाची उणीव येथेही आहेच.

त्याच 1878 साली त्यांनी डेहराडूनला वनशाळा सुरू केली. 1883 साली ते निवृत्त झाले. विश्रांती घेण्याच्या वयात त्यांनी हिंदुस्थानातील वृक्षांवर प्रचंड ग्रंथ लिहावयास घेतला. चार हजारांहून अधिक जातींची माहिती देणारा तो ग्रंथ 1906 साली, त्यांच्या वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी बॉन येथे त्यांचे निधन झाले.

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षी आपण सगळ्यांनी आभाळाकडे पाहिले. ब्रँडिस यांचे चरित्र वाचल्यावर मला वाटते की गायरानाकडे आणि शेताच्या बांधाकडेही पाहावे. तेथे आज कोणती झाडे उभी आहेत, एवढी मोजणी तर आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनाही करता येईल. बांबूचे चार तुकडे आणि एक चाकू, एवढ्यावर ब्रँडिस यांनी सुरुवात केली होती.