पडद्याआडून दगड वाचणारी

मैत्रिणींनो, लहानपणी ज्या दगडी पाटीवर आपण 'अ आ इ ई' गिरवलं, ती पाटी मुळात चिखल होती, असं कुणी सांगितलं तर पटेल? पण ते खरं आहे. पाण्याच्या तळाशी बारीक गाळ साचला, थरांवर थर बसले, वरच्या वजनानं दबून त्याचा ठिसूळ खडक झाला. मग जमिनीच्या पोटातल्या उष्णतेनं आणि दाबानं तो आणखी घट्ट झाला आणि त्याचे पातळ पापुद्रे निघू लागले. तीच आपली पाटी!

दगड जन्मतात कसे आणि बदलतात कसे, हे ओळखण्यात एका बाईनं सगळं आयुष्य घालवलं. तिचं नाव फ्लॉरेन्स बॅस्कम.

फ्लॉरेन्सचा जन्म १४ जुलै १८६२ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या विल्यम्सटाउन गावचा. वडील जॉन बॅस्कम प्राध्यापक. आई एमा शिक्षिका, आणि बायकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून धडपडणारी. फ्लॉरेन्स बारा वर्षांची असताना, १८७४ मध्ये, वडील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि बिऱ्हाड तिकडे हललं. मुलींना मुलांच्या बरोबरीनं शिकवायला हवं, असं मानणारे हे वडील होते. पण विद्यापीठ प्रमुखाची मुलगी म्हणून तिच्यासाठी सगळी दारं उघडली, असं मात्र नाही. तिथं मुलींनी ग्रंथालयात कधी जायचं, यावरही बंधनं होती. अशा वातावरणात तिनं १८८२ ते १८८७ या काळात एकेक पदवी मिळवली. भूशास्त्राची गोडी लागली ती इथंच.

मधल्या काळात शिकवण्याची नोकरीही केली. पण मन दगडांत अडकलेलं. तेव्हा खडकांचा अभ्यास करायची एक नवी पद्धत आली होती. दगडाची चकती कापायची आणि घासत घासत इतकी पातळ करायची, की तिच्यातून उजेड आरपार जावा. किती पातळ? साधारण ०.०३ मिलिमीटर! मग ती सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. बाहेरून करडा, मुका वाटणारा दगड आतून रंगीत गोधडीसारखा दिसू लागतो. ही विद्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज विल्यम्स नावाचे तरुण प्राध्यापक शिकवत.

अडचण एकच. ते विद्यापीठ पुरुषांचं होतं. १८९१ मध्ये फ्लॉरेन्सला तिथं खास परवानगी मिळाली, पण कशी? वर्गाच्या कोपऱ्यात एक आडपडदा उभा केला आणि तिला त्याच्यामागं बसवलं. कारण काय, तर मुलगी समोर दिसली तर मुलांचं अभ्यासातलं लक्ष उडेल! लक्ष उडणार मुलांचं आणि पडदा मुलीपुढं. हा हिशेब आपल्याला काही नवा नाही, नाही का? तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. परत फिरली असती, तर कुणी दोष दिला नसता. पण ती बसली, ऐकत राहिली, टिपणं घेत राहिली.

आता थोडं तिच्या कामाविषयी. खडकांची तीन मोठी घराणी आहेत. पहिलं अग्निजन्य. तापलेला रस थंड होऊन जो खडक होतो तो. आपला पाटा-वरवंटा ज्या काळ्या दगडाचा, तो बेसॉल्ट याच घराण्यातला. दुसरं घराणं गाळाच्या खडकांचं, म्हणजे वाळू, चिखल, शंख-शिंपल्यांचा चुरा साचून बनलेले थर. घरातली शहाबादी फरशी यातलीच. तिसरं रूपांतरित खडकांचं. आधीच्या खडकावर उष्णता आणि दाब येतो. खडक वितळत नाही, पण आतले कण नव्यानं जुळतात. चुनखडीचा संगमरवर होतो तो असा.

पण हे तिसरं घराणं फार फसवं. खडक इतका बदललेला असतो, की त्याचं माहेर कुठलं ते कळत नाही. पेन्सिल्व्हेनियात साउथ माउंटन नावाचा डोंगर आहे. तिथले खडक मूळचे गाळाचे, असं जाणकार मानत आले होते. विल्यम्स सरांना यात शंका आली होती. त्या शंकेचा बारकाईनं छडा लावायचं काम फ्लॉरेन्सनं घेतलं. दगड गोळा केले, चकत्या घासल्या, सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. आणि काय दिसलं? वाहत्या लाव्ह्यात उमटतात तसे पट्टे, वायूच्या बुडबुड्यांच्या मागं राहिलेल्या आणि नंतर भरून गेलेल्या पोकळ्या, आणि एकेकाळी काच असल्याच्या खुणा. म्हणजे हे खडक चिखलातून नव्हे, तर ज्वालामुखीतून आले होते! लाव्हा थिजून काचेसारखा झाला आणि पुढं कोट्यवधी वर्षांत त्या काचेचे बारीक स्फटिक झाले. अशा बदललेल्या खडकांना कसं नाव द्यावं, म्हणजे त्यांचं मूळही नावातच कळेल, हेही तिनं सुचवलं. हे खडक पन्नास कोटी वर्षांहून जुने आहेत, हे आज आपल्याला माहीत आहे.

१८९३ मध्ये तिला डॉक्टरेट मिळाली. जॉन्स हॉपकिन्सनं एखाद्या बाईला ही पदवी दिली, ती पहिल्यांदाच. दुसऱ्याच वर्षी विल्यम्स सर विषमज्वरानं गेले, जेमतेम अडतीस वर्षांचे असताना.

१८९५ मध्ये ती ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात रुजू झाली. तिथं भूशास्त्राला धड विभाग नव्हता. नव्या इमारतीतली सामान ठेवायची जागा वाट्याला आली. तिथं तिनं एकेक दगड, एकेक जीवाश्म जमवत संग्रह उभा केला. पुढं कॉलेजनं हा विषय कमी महत्त्वाचा करायचं ठरवलं, तेव्हा तिनं सरळ राजीनामा पुढं केला. कॉलेजला माघार घ्यावी लागली.

१८९६ मध्ये अमेरिकेच्या सरकारी भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यानं तिला नेमलं. त्या खात्यातली ती पहिली महिला भूवैज्ञानिक. उन्हाळ्यात पेन्सिल्व्हेनिया, मेरीलँड, डेलावेअर, न्यू जर्सीचे डोंगर-ओढे पालथे घालायचे आणि हिवाळ्यात शिकवता शिकवता चकत्या तपासायच्या, असा वर्षानुवर्षांचा क्रम. लांब झग्यांच्या त्या काळात ही बाई हातोडा घेऊन, प्रसंगी घोड्यावर बसून रानोमाळ फिरत होती. फिलाडेल्फिया परिसरातल्या पाण्याच्या साठ्यांवरचा तिचा अहवाल १९०४ चा, तर त्या भागाचे भूवैज्ञानिक नकाशे १९०९ चे. आणि गंमत बघा, सरकारसाठी जमिनीचे नकाशे करणाऱ्या या बाईला त्या सरकारसाठी मत देता येत नव्हतं. अमेरिकेत सगळीकडच्या बायकांना तो हक्क मिळाला १९२० मध्ये. तोवर ती अठ्ठावन्न वर्षांची झाली होती.

बॅस्कमबाई कामात काटेकोर. ढिलाई चालायची नाही. पण त्यांच्या हाताखालून एलिनोरा ब्लिस, ॲना जोनास, ज्युलिया गार्डनर, आयडा ओगिल्वी अशा भूशास्त्रज्ञ मुलींची फळीच तयार झाली. त्यातल्या ब्लिस आणि जोनास या दोघींनी तर फिलाडेल्फियाजवळच्या खडकांबद्दल खुद्द बाईंचंच मत खोडून काढलं. गुरूला हे झोंबलंही असेल. पण मुलींना पुराव्यावर बोट ठेवून बोलायला शिकवलं कुणी, तर बाईंनीच!

मानमरातबही आले. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या कार्यकारिणीत १९२४ मध्ये निवड झालेली पहिली बाई त्याच, आणि १९३० मध्ये उपाध्यक्षही झाल्या. १९२८ मध्ये कॉलेजातून निवृत्त झाल्या, तरी खात्याचं काम १९३६ पर्यंत सुरूच होतं. लग्न त्यांनी केलं नाही. १८ जून १९४५ रोजी, ८२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. आज शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे.

बाहेरून कितीही बदललेला दिसला, तरी खडक आपला जन्म विसरत नाही, हे त्यांनी दगड घासून घासून दाखवून दिलं. आपल्या घरातही कितीतरी जणी अशाच दाबाखाली घडलेल्या असतात. मूळच्या हुशारीचं आता नावही निघत नाही, पण म्हणून ती नाहीशी झालेली नसते. पुढच्या वेळी पाटा धुताना त्या काळ्या दगडाकडे जरा निरखून बघा. तो एकेकाळी लालभडक, वाहता लाव्हा होता. आणि हे ओळखायचं शास्त्र एक बाई पडद्यामागं बसून शिकली होती.