खिळे घासणारा पोरगा

गॅदरिंगचं पोस्टर करायला बसलं की पहिला वाद फॉन्टवरून होतो. एकाला जाड हवा, दुसऱ्याला वळणदार. शेवटी माऊस ज्याच्या हातात असतो, त्याचं चालतं! पण एक काळ असा होता की अक्षर यादीतून निवडता येत नसे, ते आधी पोलादात कोरावं लागे. त्या काळात ज्यांनी देवनागरी छपाईला घाट दिला, त्या जावजी दादाजी चौधरी यांच्याविषयी थोडंसं.

जन्म १८३९ चा, मुंबईचा. घरची गरिबी, त्यामुळे शिक्षण जेमतेम. लहानपणीच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागले. काम खिळे घासण्याचं, पगार महिना दोन रुपये. खिळा म्हणजे टोकाला उलटं अक्षर असलेला, शिशाच्या मिश्रधातूचा छोटा तुकडा. साच्यातून निघाला की त्याच्या कडांचा जादा धातू घासून काढायचा. कमी घासला तर दोन अक्षरांत फट राहते आणि शिरोरेषा तुटते. जास्त घासला तर ओळीत खिळा हलतो. वर्कशॉपमध्ये फायलिंगचा जॉब ज्यांनी दोनदा रिपीट केलाय, त्यांना हे जास्त सांगायला नको.

त्याच छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम देवनागरी टाइप तयार करत. इंग्रजीचं काम कॅपिटल धरून बावन्न अक्षरांत भागतं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि वर जोडाक्षरं. यावर दोन उपाय होते. 'डिग्री' पद्धतीत अक्षर, वरची मात्रा, खालचा उकार वेगवेगळे ओतून जुळवायचे. खिळे कमी लागतात, पण जुळाऱ्याचा जीव जातो आणि छापताना मात्रा निसटते. 'अखंड' पद्धतीत मात्रेसकट एकच खिळा. छपाई स्वच्छ, मात्र खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी. म्हणजे फॉन्ट निवडणं हा तेव्हा आवडीचा कमी आणि भांडवलाचा प्रश्न जास्त होता.

पुढे 'इंदुप्रकाश'सारख्या छापखान्यात अनुभव घेऊन जावजींनी १८६४ मध्ये स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला. राणोजी रावजी आरू हे पंच कापणारे कसबी कारागीर त्यांच्या सोबत होते. पोलादावर अक्षर कोरायचं, ते तांब्यावर ठोकून साचा करायचा, मग धातू ओतायचा. खरं सांगायचं तर निर्णयसागरच्या नावलौकिकात आरूंचा वाटा मोठा, पण त्यांचं नाव आज फारसं कोणी घेत नाही.

१८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू झाला, तो पंचांगापासून. पंचांग म्हणजे बारीक रकाने आणि आकडेच आकडे. तिथे ३ चा २ वाचला गेला तर तिथीच चुकायची! नंतर १८८१ मध्ये मुलांसाठी 'बालबोध' मासिक आलं आणि १८८६ पासून संस्कृत ग्रंथांची 'काव्यमाला'. पंचांग बघणारे आजोबा, गोष्टी वाचणारं पोर आणि टीकेसकट काव्य वाचणारे शास्त्रीबुवा, तिघांचे डोळे वेगळे. एका छापखान्याने तिघांनाही सांभाळलं. मला तरी हेच त्यांचं मोठं काम वाटतं.

आपल्या शेगाव-खामगावकडे घरोघरी 'गजानन विजय'ची पोथी असते. आजीची पोथी एकदा उघडून बघा. ठसठशीत अक्षर, ओळींत मोकळी जागा. देवघरातल्या उजेडात, चष्मा लावूनही लागलं पाहिजे असं. त्याच पोथीला आपल्या पोस्टरवरचा नागमोडी फॉन्ट लावला तर आजी दुसऱ्या ओवीलाच पोथी मिटेल.

जावजी १८९२ मध्ये वारले. चिरंजीव तुकाराम जावजींनी छापखाना पुढे चालवला. जुन्या संस्कृत पुस्तकांच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव दिसतं. असं एखादं पुस्तक गावच्या वाचनालयात हाती लागलं तर अर्थ नाही समजला तरी चालेल, शिरोरेषेवरून नजर फिरवा. एक खिळा कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला, ते सहजासहजी सापडत नाही.