जोहान्सबर्गच्या कुली वस्तीतील गांधीजी

महात्माजींचे चरित्र सांगताना पीटरमॅरिट्झबर्ग स्थानकावरील ती थंडीची रात्र कोणी विसरत नाही. परंतु त्यानंतर अकरा वर्षांनी, १९०४ च्या मार्च महिन्यात, जोहान्सबर्ग शहरी त्यांच्या वाट्याला जी रात्र आली, तिची हकीकत फारशी सांगितली जात नाही.

पोरबंदरास २ ऑक्टोबर १८६९ रोजी जन्म, १८९१ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन आगमन, येथे वकिलीत आलेले अपयश आणि १८९३ साली एका व्यापारी पेढीच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेस प्रयाण, हा पूर्वभाग वाचकांच्या परिचयाचा आहे. १८९६ साली ते काही महिने स्वदेशी परतले होते. मुंबईत प्लेगाची साथ उद्भवल्यामुळे राजकोटात स्वच्छतेची पाहणी करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली व गांधीजी तीत सामील झाले. घरोघरचे शौचकूप तपासताना श्रीमंतांच्या घरीच घाण अधिक आढळली. उलट ज्यांस अस्पृश्य म्हणून दूर लोटले होते, त्यांची घरे स्वच्छ सारवलेली दिसली. त्या वस्तीत त्यांच्याबरोबर जाण्यास समितीचा एकच सभासद तयार झाला! याच मुक्कामात पुण्यास येऊन त्यांनी लोकमान्य टिळक, गोखले आणि डॉ. भांडारकर यांच्यापुढे आफ्रिकेतील हिंदी लोकांची कैफियत मांडली.

परत जाताना रोगाचे निमित्त कसे वापरले जाते याचा त्यांना स्वतःलाच अनुभव आला. ‘कुरलँड’ व ‘नादरी’ ही जहाजे डिसेंबरात डरबनला पोहोचली. पण मुंबईत प्लेग आहे या सबबीवर उतारूंना तीन आठवड्यांहून अधिक काळ किनाऱ्यास लागू दिले नाही. खरा हेतू हिंदी लोकांस परत धाडण्याचा होता. १३ जानेवारी १८९७ रोजी गांधीजी उतरले, तेव्हा गोऱ्यांच्या जमावाने त्यांस मारहाण केली.

१९०३ साली त्यांनी जोहान्सबर्गला वकिली थाटली. सोन्याच्या खाणींवर वाढलेले हे शहर वैभवशाली होते; मात्र १८८५ च्या एका कायद्यान्वये हिंदी लोकांनी नेमून दिलेल्या वस्तीतच राहावे, असा ट्रान्सवालात दंडक होता. या वस्तीस गोरे लोक कुली वस्ती म्हणत. तेथील जागा नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने घेतलेल्या होत्या. माणसे वाढत गेली, जागा मात्र तेवढीच राहिली. रस्ते नाहीत, दिवे नाहीत, आणि शौचकूपांची सफाई म्युनिसिपालिटीच्या मर्जीस येईल तेव्हा! अशा रीतीने घाण साचू दिली गेली, आणि पुढे तीच घाण पुढे करून वस्ती उठविण्याचा अधिकार म्युनिसिपालिटीने मिळविला. नुकसानभरपाईचे सुमारे सत्तर दावे गांधीजींनी चालविले. त्यांपैकी एकच फसला.

१९०३ च्या सप्टेंबरात वस्ती म्युनिसिपालिटीच्या मालकीची झाली. रहिवाशांस दुसरी जागा दिलेली नसल्याने ते तेथेच भाडेकरू म्हणून राहिले, आणि दुर्दशा वाढली. मालक असताना जो थोडाबहुत केरवारा होई, तोही थांबला. फेब्रुवारी १९०४ मध्ये गांधीजींनी शहराच्या आरोग्याधिकाऱ्यास पत्रे लिहून धोक्याची सूचना दिली. तिचा उपयोग झाला नाही.

मार्चच्या मध्यास प्लेग आला. तो सुरू झाला जवळच्या एका सोन्याच्या खाणीत. तेथे काम करणारे तेवीस हिंदी मजूर आजारी होऊन वस्तीत परतले. मदनजित या सहकाऱ्याने एका रिकाम्या घराचे कुलूप तोडून त्यांस आत ठेवले व गांधीजींस चिठ्ठी धाडली. गांधीजी सायकलवरून धावले. डॉ. विल्यम गॉडफ्रे आले. कचेरीतील चार तरुण कारकुनांनी तर जिवाची पर्वा न करता शुश्रूषा पत्करली. दुसऱ्या दिवशी म्युनिसिपालिटीने एक ओसाड गुदाम दिले, तेही इतके गलिच्छ, की प्रथम यांनीच ते झाडून घेतले. गांधीजींच्या आत्मकथेनुसार त्या तेविसांपैकी दोघेच वाचले. मदतीस आलेली परिचारिकाही दगावली.

या मृत्यूंचा दोष गांधीजींनी वृत्तपत्रात स्पष्टपणे म्युनिसिपालिटीच्या माथी मारला. ते पत्र वाचूनच हेन्री पोलाक त्यांच्याकडे ओढले गेले. रहिवाशांस खास आगगाडीने सुमारे तेरा मैलांवरील क्लिपस्प्रूट येथे तंबूंत हलविण्यात आले आणि मागे सारी वस्ती जाळून टाकण्यात आली.

येथे एक गोष्ट लपविणे योग्य होणार नाही. फेब्रुवारीतील त्या पत्रव्यवहारात, हिंदी वस्तीत आफ्रिकी लोकांस राहू देऊ नये, अशी मागणीही गांधीजींनी केली होती. वास्तविक म्युनिसिपालिटीने दोघांनाही एकाच खाईत लोटले होते. पण चौतिशीतील त्या बॅरिस्टराची दृष्टी तेव्हा आपल्याच लोकांपुरती होती. ती विस्तारण्यास अजून अवकाश होता.

त्याच वर्षी डरबनजवळ फिनिक्स आश्रम निघाला. पुढे सत्याग्रह, तुरुंगवास आणि १९१४ साली आफ्रिकेचा निरोप. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा अंत झाला, आणि काही महिन्यांतच दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचे उघड धोरण घेतलेला पक्ष सत्तेवर आला.

क्लिपस्प्रूटचे हिंदी तंबू काही काळाने उठले. आफ्रिकी लोकांस मात्र तेथेच, शहराचे मैलापाणी सोडण्याच्या शेतालगत, वसविण्यात आले. या वसाहतीपासून वाढत गेलेल्या नगरास १९६३ साली सोवेटो हे नाव मिळाले.