विश्लेषण : मानधन नाही, मोकळीक मात्र पूर्ण! ‘गारो’चे प्रकाशक कात्सुइची नागाई कोण होते?

वेबकॉमिक काढणाऱ्या चित्रकाराला आज कोणा संपादकाची वाट पाहावी लागत नाही. मोबाइलवर भाग टाकला की वाचक मिळू शकतो. अडते ते पोटापाण्यापाशी. इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी जपानमधील एका छोट्या प्रकाशकाला हाच पेच पडला होता. बाजाराने नाकारलेल्या चित्रकथाकारांना जागा देणारे ते प्रकाशक म्हणजे कात्सुइची नागाई (१९२१-१९९६).

प्रकाशन व्यवसायात कसे आले?

मियागी प्रांतातील शिओगामा या बंदराच्या गावी नागाई यांचा जन्म झाला. तरुणपणी काही काळ ते मांचुरियात होते. युद्धानंतर त्यांनी टोक्योत स्वस्तातील चित्रकथा छापायला सुरुवात केली. त्या काळी जपानमध्ये पुस्तके भाड्याने देणाऱ्या दुकानांचे जाळे होते आणि या दुकानांसाठी खास चित्रकथा निघत. सानपेई शिराटो यांची निन्जांवरील दीर्घ चित्रकथा नागाई यांनी याच वाचकांसाठी काढली. मात्र क्षयाने त्यांना गाठले आणि काम थांबवावे लागले. बरे झाल्यावर १९६२ मध्ये त्यांनी ‘सेइरिन्दो’ ही संस्था सुरू केली.

‘गारो’ची गरज का भासली?

घरोघरी टीव्ही आला, मोठ्या कंपन्यांची साप्ताहिके स्वस्तात मिळू लागली आणि भाड्याच्या पुस्तकांचा धंदा बसला. त्यावर जगणारे अनेक चित्रकार उघड्यावर आले. १९६४ मध्ये नागाई यांनी ‘गारो’ मासिक काढले. शिराटो यांची ‘कामुइ-देन’ ही मालिका हा त्याचा कणा होता. सरंजामी जपानमधील शेतकरी आणि बहिष्कृतांच्या संघर्षाची ही कथा आंदोलनांच्या त्या दशकात विद्यार्थ्यांनी डोक्यावर घेतली. ऐन भरात मासिकाचा खप ८० हजारांच्या घरात गेला.

नवोदितांना काय मिळाले?

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मोकळीक. विषय कोणता, शेवट कसा, पाने किती, यात नागाई फारशी ढवळाढवळ करत नसत. हलाखीत दिवस काढणाऱ्या योशिहारू त्सुगे यांचा पत्ता लागेना, तेव्हा १९६५ मध्ये त्यांनी संपर्क साधावा अशी सूचनाच मासिकात छापण्यात आली. त्सुगे आले आणि १९६८ मध्ये त्यांची ‘नेजी-शिकी’ ही स्वप्नासारखी कथा प्रसिद्ध झाली. जपानी चित्रकथेला वळण देणाऱ्या कृतींत ती गणली जाते. कुनिको त्सुरिता किशोरवयातच ‘गारो’त झळकल्या, तर हिनाको सुगिउरा यांचे पदार्पण १९८० मध्ये येथेच झाले. ‘गारो’चा प्रभाव इतका की खुद्द ओसामु तेझुका यांनी १९६७ मध्ये ‘कॉम’ हे प्रयोगशील मासिक काढले.

आर्थिक गणित कुठे फसले?

१९७१ मध्ये ‘कामुइ-देन’ संपली आणि खप घसरत गेला. मानधन देणे अशक्य झाले. तरीही चित्रकार लिहीत-काढत राहिले, कारण असे काम छापणारे दुसरे ठिकाण जवळपास नव्हतेच. जिम्बोचो या पुस्तकांच्या पेठेत, लाकडाच्या वखारीवरच्या छोट्या जागेतून मासिक निघत राहिले. याची दुसरी बाजूही आहे. फुकट काम करणे ज्याला परवडते, तोच अशा ठिकाणी टिकतो. ज्याच्या घरी दुसरी मिळकत नाही, त्याला पेन्सिल खाली ठेवावी लागते. ‘गारो’ने अनेकांना नाव मिळवून दिले, पण उदरनिर्वाह त्यांना इतरत्र शोधावा लागला.

पुढे काय झाले?

वय आणि तोटा वाढल्याने १९९०च्या सुमारास नागाई यांनी संस्था एका सॉफ्टवेअर व्यावसायिकाच्या हाती सोपवली. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी मालकांशी बिनसल्याने संपादकीय मंडळी बाहेर पडली. त्यांनी नवी संस्था काढून १९९८ मध्ये ‘आक्स’ सुरू केले. ‘गारो’ काही वर्षांत बंद पडले. शिओगामात आज नागाई यांच्या नावाचे चित्रकथा संग्रहालय आहे. वेबकॉमिकने छपाईचा खर्च वाचवला असला, तरी चित्रकाराचे मानधन कोणी द्यायचे, हा नागाई यांना न सुटलेला प्रश्न अजून तसाच आहे.